सातशे एकसष्ट डॉलरचं भंगार

आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर सहा महिन्यांनी एक फोटो परत परत येतो. काळा-पांढरा आहे, लाकूड आणि कापडाचं विमान, डोक्यावर छत्रीसारखा पंख, पुढे चक्क फोर्ड मॉडेल ए गाडीचं इंजिन आणि पायलटच्या नाकासमोर त्याच गाडीचा रेडिएटर उभा. खाली लिहिलेलं असतं, "१९२९ साली अमेरिकेतला शेतकरी गोठ्यात विमान बनवत होता, आपल्याकडे २०१७ उजाडलं तरी कांदिवलीच्या गच्चीवर बनवलेल्या विमानाला नंबर मिळायला धापा टाकाव्या लागल्या." मग ते गच्चीवरचं विमान बनवणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांचा विषय निघतो, मेक इन इंडियाच्या मांडवात उभं असलेलं ते सहा सीटर निघतं आणि ग्रुपचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो की अमेरिकेत सरकार आडवं आलं नाही म्हणून जमलं. दुसरा म्हणतो की सरकारने, आर्मीने पैसा ओतला म्हणून जमलं, आपल्याकडे कोण ओतणार. रात्री एकपर्यंत हे चालतं, सकाळी गुड मॉर्निंगचं फूल येतं आणि सगळे गप्प.

आता हा शेतकरी शेतकरी नव्हता. बर्नार्ड पीटनपोल नावाचा मेकॅनिक होता तो, मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्हचा. पण ते राहू दे. माझं म्हणणं असं की दोन्ही तट चुकीच्या गोष्टीवरून भांडतायत. १९२६ ते १९४० च्या मधे अमेरिकेत जी छोटी विमानं निघाली, ज्यातल्या निम्म्यांची नावंही आज कोणाला माहीत नाहीत, ती सरकार होतं म्हणूनही नाही निघाली आणि नव्हतं म्हणूनही नाही. तिथे बुडणं स्वस्त होतं आणि बुडालेल्याचं सामान उचलायला कोणीतरी तयार असायचं, खरी गोम तिथे आहे.

पहिल्या तटापासून सुरू करू कारण त्यांचा आवाज मोठा आहे. सरकार बाजूला होतं तो काळ अमेरिकेत खरंच होऊन गेला. पहिलं महायुद्ध संपल्यावर आर्मीची जेनी नावाची ट्रेनर विमानं स्वस्तात विकायला निघाली, ज्याला हवी त्याने घ्यावी आणि उडवावी, बहुतेक ठिकाणी लायसन वगैरे काही लागत नव्हतं. मग या स्वर्गात छोट्या विमानांचे कारखाने पटापट निघाले का? नाही निघाले. जत्रेत कसरती दाखवणारे पायलट निघाले, लोक मेले, आणि विमानाला इन्शुरन्स द्यायला कोणी धड तयार होईना. शेवटी आम्हाला नियम लावा असं विमान बनवणारेच सरकारला म्हणायला लागले, ही गोष्ट आपले फ्री मार्केटवाले मित्र कधी सांगत नाहीत. मे १९२६ ला अध्यक्ष कूलिजनी एअर कॉमर्स ॲक्टवर सही केली, विमानाला नंबर आला, पायलटला लायसन आलं, डिझाइनला सर्टिफिकेट आलं. पहिलं लायसन हे सगळं बघणाऱ्या नव्या सरकारी खात्याचा प्रमुख मॅक्रॅकन यानेच घेतलं, आधी ऑर्व्हिल राइटला विचारलं होतं, तो नको म्हणाला. (पुढे फेब्रुवारी १९२९ ला आपल्याकडचं एक नंबरचं लायसन जेआरडी टाटांना मिळालं. म्हणजे या बाबतीत आपण काही पन्नास वर्षं मागे नव्हतो.) आणि छोट्या विमानांची खरी गर्दी त्या कायद्यानंतरची आहे. त्यातही थोड्याच संख्येने निघणाऱ्या विमानांसाठी ग्रुप टू नावाची एक हलकी वाट ठेवली होती, कागदपत्रं कमी. नियम होते, पण लहान माणसाला झेपतील एवढे.

बरं, त्या गॅरेजमधल्या हीरोंकडे जरा जवळून बघा. ज्याला लोक फ्लाइंग बाथटब म्हणायचे ते एरोन्का सी-२ घ्या. ऑक्टोबर १९२९, सिनसिनाटी, एक सीट, सव्वीस हॉर्सपॉवरचं दोन सिलेंडरचं इंजिन, किंमत १,४९५ डॉलर. त्याच महिन्यात शेअर बाजार कोसळला, याला म्हणतात मुहूर्त. तरी ते विकलं गेलं, कारण बाकीची विमानं कितीतरी महाग होती. डिझाइन कोणाचं? झां रोशे याचं, आणि हा गृहस्थ डेटनला आर्मीत एअरक्राफ्ट इंजिनिअर होता, पगारी सरकारी माणूस. नोकरी करता करता मित्रांबरोबर फावल्या वेळात त्याने १९२५ ला पहिला नमुना उडवला होता. आणि नंतर पायपर कब नावाचं जे पिवळं छोटं विमान जगभर गेलं त्याच्या पंखाचा आकार बघा, त्या प्रोफाइलचं नावच यूएसए ३५बी आहे, आर्मीच्या इंजिनिअरांनी काढलेला, ज्याला पाहिजे त्याने वापरावा. त्यामुळे "सरकार नव्हतं" म्हणताना कब बनवणाऱ्याच्या टेबलावर कोणाचा तक्ता पडलेला होता तेही बघायला पाहिजे ना?

या तटाचा सगळ्यात दमदार मुद्दा मात्र मान्य करायला हवा आणि गंमत म्हणजे तो मुद्दा ते स्वतः मांडतच नाहीत. नियमांनी घरगुती विमान बनवणाऱ्यांना खरंच मारलं. फेडरल कायदा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या व्यापारी उड्डाणांपुरता होता, पण हळूहळू एकेका राज्याने तेच लायसन सक्तीचं केलं आणि तिसाव्या दशकाच्या शेवटी घरी बनवलेलं विमान उडवणं जवळजवळ सगळीकडे बेकायदा झालं. ऑरेगॉन अपवाद. तिथे राज्याचे स्वतःचे नियम होते आणि लेस लाँगसारखे लोक तिथे आपली विमानं, अगदी इंजिनंसुद्धा, घरीच बनवत राहिले. एरोन्काचं दोन सीटचं सी-३ सुद्धा १९३७ ला बंद पडलं, बाहेरून तारांनी ताणलेले पंख आणि एकाच इग्निशनचं इंजिन नव्या नियमात बसेना. हे नुकसान होतं, मी ते नाकारत नाही. पण पुढे काय झालं ते बघा. जुन्या सी-३ ना कोणी जमिनीवर बसवलं नाही, नवीन बनवू नका, आहेत ती उडवा. आणि १९४७ ला ऑरेगॉनचा जॉर्ज बोगार्डस आपलं लिटल जी बी नावाचं घरगुती विमान घेऊन देश ओलांडत थेट वॉशिंग्टनला गेला आणि त्याने काय मागितलं? नियम काढून टाका असं नाही मागितलं. आमच्यासाठी एक वेगळा खाना करा असं मागितलं. तो खाना झाला, आजही तिथे घरी बनवलेल्या विमानावर मोठ्या अक्षरात एक्स्पेरिमेंटल असं लिहिलेलं असतं आणि त्यात बसणाऱ्याला कळतं की हे आपल्या जबाबदारीवर. आपल्या ग्रुपवर डीजीसीएला, म्हणजे विमानांना परवाने देणाऱ्या आपल्या सरकारी खात्याला, शिव्या घालणाऱ्यांपैकी कोणी कधी म्हणालंय का की नेमका कोणता खाना पाहिजे, त्यात काय बसेल, काय बसणार नाही?

आता दुसरा तट, पैसे ओतले म्हणून जमलं वाला. हेही पूर्ण खोटं नाही. १९३९ पासून सरकारने कॉलेजच्या पोरांना उडायला शिकवायची मोठी योजना काढली, १९४४ पर्यंत चार लाखांच्या वर लोक त्यात शिकले, बरेचसे कबवरच, आणि त्या ऑर्डरींनी पायपरचं कल्याण झालं. पण तोपर्यंत कबला नऊ वर्षं झाली होती. ती नऊ वर्षं, म्हणजे मंदीची नऊ वर्षं, हा धंदा कोणाच्या जिवावर तगला? सरकारने मधे एकदा खरंच हात घातला होता आणि त्याचं जे झालं ते वाचण्यासारखं आहे. १९३३ ला युजीन विडाल नावाचा उत्साही माणूस त्या खात्याचा प्रमुख झाला आणि त्याने जाहीर केलं की सातशे डॉलरचं विमान काढू, गाडीच्या किमतीत, मास्तरापासून दुकानदारापर्यंत सगळे उडतील. कंपन्याच चिडल्या, कारण आज कोण घेणार विमान, सगळे म्हणणार थांबू, सातशेचं येतंय. (टाटांनी लाखाची गाडी जाहीर केल्यावर सेकंडहँड मारुतीवाल्यांचे चेहरे आठवा.) पैसे जेवढे हवे होते तेवढे मिळाले नाहीत. जी विमानं आली त्यात एकाला शेपटीच नव्हती, एकात फोर्ड व्ही-८ गाडीचं इंजिन होतं, आणि सातशेला एकही आलं नाही. विडालने स्वतःच्या दहा वर्षांच्या पोराला हॅमंडच्या विमानात बसवून न्यूजरीलवाल्यांसमोर उडवायला लावलं, बघा किती सोपंय म्हणून. लोकांनी बघितलं, घेतलं कोणी नाही.

ब्रिटिशांनीही हेच आधी करून बघितलं होतं. १९२३ ला इंग्लंडमधल्या लिम्पला हलक्या विमानांची स्पर्धा ठेवली, इंजिन ७५० सीसीच्या आत पाहिजे अशी अट, म्हणजे आपल्या अल्टो ८०० पेक्षा लहान. विमानं आली, उडाली, बक्षिसं वाटली, आणि वारा समोरून आला की ती बिचारी जागच्या जागी. ज्याने हलक्या विमानाचा प्रश्न खरोखर सोडवला त्या डी हॅविलंडनी स्पर्धेची अट बाजूला ठेवून १९२५ ला मॉथ काढलं आणि त्याचं इंजिन कशातून आलं होतं? युद्धात उरलेल्या आठ सिलेंडरच्या रेनॉ इंजिनचं अर्ध कापून केलेलं, भंगारातून. तेच मॉथ पुढे मुंबईच्या फ्लाइंग क्लबात आलं.

भंगार हा शब्द मी मुद्दाम वापरतोय कारण मला जे सांगायचंय ते सगळं या शब्दात आहे. टेलर बंधूंची गोष्ट घ्या. दोघे भाऊ विमानं बनवायचे, १९२८ ला धाकटा गॉर्डन स्वतःच्याच विमानात गेला. थोरल्या सी. जी. टेलरला पेन्सिल्वेनियातल्या ब्रॅडफर्ड गावाने बोलावून घेतलं. तेलाच्या विहिरींचं गाव ते, लोकांकडे थोडे पैसे होते, आणि त्यातल्या एका तेलवाल्याने, विल्यम पायपरने, थोडे घातले, खरं तर विमानातलं त्याला काही कळत नव्हतं. १९३० ला छोटं विमान केलं आणि त्याला टायगर किटन नावाचं वीस हॉर्सपॉवरचं इंजिन लावलं. वीस! ते विमान रनवे संपला तरी धड उचलेना. कंपनीचं दिवाळं निघालं. आपल्याकडे इथे गोष्ट संपते, शेडला कुलूप लागतं, बँकेचा बोर्ड लागतो, आतल्या मशिनवर पंधरा वर्षं पक्षी घरटी करतात. तिथे पायपरने ते सगळं सामान ७६१ डॉलरला उचललं, म्हणजे एका एरोन्काच्या निम्म्या किमतीत अख्खी कंपनी, आणि वर ज्याचं दिवाळं निघालं त्याच टेलरला इंजिनिअर म्हणून ठेवून घेतलं. त्या मांजरीच्या पिल्लाच्या नावावरून अस्वलाच्या पिल्लाचं नाव विमानाला पडलं होतं, कब, ते तसंच राहिलं. १९३१ ला कॉन्टिनेंटलचं ३७ हॉर्सपॉवरचं ए-४० इंजिन आलं, तेही सुरुवातीला गॅस्केट उडवणारं, रडकं, पण उचलणारं. पुढे दोघांचं फाटलं, टेलरने जाऊन टेलरक्राफ्ट काढली, म्हणजे एका बुडालेल्या कंपनीच्या दोन चालत्या कंपन्या झाल्या. १९३७ ला ब्रॅडफर्डचा कारखाना जळाला तर पायपर लॉक हेवनला गेला. १९४७ पर्यंत कब वीस हजाराच्या घरात निघाले.

असं एकच उदाहरण असतं तर मी योगायोग म्हणालो असतो. पण एड हीथ बघा, शिकागोचा, मोटरसायकलचं इंजिन लावलेल्या विमानाचे किट विकायचा. १९३१ ला टेस्ट करताना तो मेला, कंपनी खंगली, दुसऱ्याने घेतली आणि महायुद्धानंतर हीच कंपनी इलेक्ट्रॉनिक्सचे किट विकायला लागली, लॅबमधे हीथकिट ज्यांनी जोडलंय त्यांना कळेल. फोर्डने १९२६ ला फ्लिवर नावाचं इवलंसं विमान काढलं, हेन्री फोर्डचा लाडका पायलट हॅरी ब्रूक्स १९२८ ला त्यात फ्लोरिडाजवळ समुद्रात गेला, पेट्रोलच्या झाकणाचं हवेचं भोक म्हणे काडीने बंद केलेलं निघालं, दमटपणा आत जाऊ नये म्हणून. फोर्डने तो नादच सोडला. पण त्याचा डिझायनर ऑटो कोपन एमआयटीला शिकवायला गेला आणि पुढे आखूड जागेत उतरणारं हेलिओ नावाचं विमान त्याच्या हातून आलं. आणि विडालच्या त्या फसलेल्या सातशे डॉलरमधून काय आलं? फ्रेड वाइक आणि त्याच्या सरकारी लॅबमधल्या दोस्तांनी फावल्या वेळात बनवलेलं एक विचित्र विमान, पुढे नाकाखाली चाक, गिरकी घेऊन कोसळूच नये अशी रचना. त्याचं पुढे एरकूप झालं, शेपटीचा रडर वळवायची पायातली पेडलच नाहीत, गाडीसारखं स्टिअरिंग फिरवा. १९४५ ला ते मेसीजच्या दुकानात विकायला ठेवलं होतं. आज शिकाऊ विमानं नाकाखालच्या चाकावर उभी असतात त्याला खतपाणी घालणाऱ्यांत हे लोक होते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मला स्वतःलाच छळतो. बुडणं स्वस्त होतं म्हणतोस, पण कोणासाठी? गॉर्डन टेलर, हीथ, ब्रूक्स, याच लेखात तीन मेले. खरंय. मी न्यू जर्सीत राहतो, उन्हाळ्यात एकदा मुलांना घेऊन ओल्ड राइनबेकला गेलो होतो, तिथे अजून ही विमानं उडवतात. कर्टिस-राइटचं ज्युनिअर बघितलं, १९३१ च्या आसपासचं, पायलट पुढे उघड्यावर आणि इंजिन त्याच्या मागे पंखावर. सेकेली कंपनीचं तीन सिलेंडरचं इंजिन. या इंजिनची ख्याती अशी की चालता चालता सिलेंडर सुटून उडायचा, आणि इथे तर प्रोपेलर मागेच. उपाय काय केला होता? तिन्ही सिलेंडरच्या डोक्यांवरून स्टीलची केबल फिरवून आवळून टाकायची. आमच्या गावाला वळवाच्या आधी पत्र्यावरून तार टाकून दगडाला बांधतात ना, तंतोतंत तसं. मी ती केबल बघत उभा राहिलो आणि पोरगी म्हणाली, बाबा, हे तुटू नये म्हणून बांधलंय की तुटलेलं पडू नये म्हणून? उत्तर दुसरं आहे. तर मी असं म्हणत नाही की ते शहाणे होते. अशी अडीचशेच्या वर ज्युनिअर विकली एका मोठ्या नावाच्या कंपनीने. पण त्या केबलमागे एक सवय आहे, की दोष सगळ्यांसमोर कबूल करायचा, त्यावर तोडगा लावायचा आणि विमान उडतं ठेवून चांगलं इंजिन शोधायचं. आपल्याकडे दोन टोकं असतात, एक तर तळपद्यांनी चौपाटीवर १८९५ लाच विमान उडवलं होतं म्हणून छाती फुगवायची, नाही तर एक चाचणी फसली की फाइल बंद. मधली जागा कुठेय?

आणि स्वस्तात बुडालेल्या मालाचा अजून एक फायदा असतो जो बॅलन्सशीटमधे दिसत नाही. कोलोराडोत अलेक्झांडर नावाची कंपनी होती, मूळ धंदा सिनेमागृहात दाखवायच्या जाहिरातींच्या फिल्म बनवायचा, त्यांनी ईगलरॉक नावाची बायप्लेन काढली, जवळपास नऊशे विकली आणि मंदीत बंद पडली. १९३२ ला जेम्स बॅनिंग आणि थॉमस ॲलन या दोन कृष्णवर्णीय तरुणांनी असंच एक जुनं ईगलरॉक, भंगारातले पार्ट घालून, लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडपर्यंत नेलं. खिशात पैसे नाहीत, म्हणून गावोगाव उतरायचं, कोणी पेट्रोल दिलं, जेवण दिलं की त्याला पंखाच्या टोकावर सही करायला सांगायचं. २१ दिवस लागले, प्रत्यक्ष हवेत ४१ तासांच्या वर थोडे. ज्या देशात त्यांना धड शाळेत उडायला शिकवायला कोणी तयार नव्हतं तिथे त्यांच्यासाठी दार कायद्याने उघडलं नाही, अनुदानाने उघडलं नाही, कोणाच्या तरी बुडालेल्या धंद्याचा माल स्वस्तात पडला होता म्हणून ते जेमतेम उघडलं. बॅनिंग काही महिन्यांनी दुसऱ्याच्या विमानात प्रवासी म्हणून बसला असताना गेला.

म्हणून ग्रुपवर जेव्हा कोणी विचारतं की आपल्याकडे असं का होत नाही, तेव्हा मला वाटतं आधी विचारावं की आपल्याकडे बुडालेल्या प्रयोगांचे ड्रॉइंग कुठे असतात, जिग (पार्ट जोडायचे साचे) कुठे असतात, ते ७६१ डॉलरला विकत मिळतात का. किती लायसन आणि किती अनुदान हे नंतरचं. आणि असं कधीच झालं नाही असंही नाही. हसूरचंपूचे डॉ. विष्णु माधव घाटगे, कोल्हापूर जिल्ह्यातले, जर्मनीत गटिंगेनला एरोडायनॅमिक्सच्या प्रांटलच्या हाताखाली शिकून आलेले, एचएएल या सरकारी विमान कारखान्यात त्यांच्या काळात १९५८ ला दोन सीटचं पुष्पक उडालं. ते बेतलेलं होतं एरोन्काच्या चीफवर, म्हणजे सिनसिनाटीच्या त्या बाथटबच्या घराण्यातलंच, आणि इंजिन कॉन्टिनेंटलचं ९० हॉर्सपॉवरचं, त्या रडक्या ए-४० च्या पुढच्या पिढीचं. असे दीडशेच्या वर पुष्पक देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेले आणि किती जण त्यावर शिकले.

माझ्या वडिलांचे एक मित्र त्यातलेच, सत्तरच्या दशकात पुष्पकवर लायसन काढलं, आता ऐंशीच्या पुढे आहेत. मागच्या वेळी पुण्यात भेटलो तर मी त्यांना ही सगळी वंशावळ सांगत बसलो, सिनसिनाटी, बाथटब, रोशे. ते मधेच म्हणाले, "अरे, रामायणातल्या पुष्पकात म्हणे कितीही बसले तरी एक जागा उरायची. आमच्या पुष्पकात दोघं बसलो की खांद्याला खांदा घासायचा, आणि इन्स्ट्रक्टर जाडा असला तर आम्ही पेट्रोल कमी भरायचो."